ध्वनिमुद्रिका-संग्रह व श्रवणपरंपरा, पुण्यातील
अभिजात हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका जमविणे, त्या एकत्र बसून ऐकणे, परस्परांना ऐकविणे आणि ऐकलेल्या गायनवादनाची तुलना व चिकित्सा करणे, ही पुणे शहरातील रसिकांमध्ये विसाव्या शतकात रूढ झालेली एक सांस्कृतिक प्रथा. ग्रामोफोनच्या तबकडीपासून तिचा आरंभ झाला आणि दीर्घवादन तबकडी, ध्वनिफीत, कॅसेट व अंकीय ध्वनिमुद्रण या क्रमाने तिचे स्वरूप बदलत गेले. या प्रथेला औपचारिक संस्थेचे रूप क्वचितच लाभले. तथापि संगीताचे शिक्षण, समीक्षा आणि इतिहासलेखन या तिन्हींवर तिचा ठसा उमटलेला दिसतो.

पार्श्वभूमी : ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी रागसंगीताचे श्रवण हे गायकाच्या प्रत्यक्ष सान्निध्यावर सर्वस्वी अवलंबून होते. संस्थानिकांचे दरबार, सरदार व सावकारांच्या वाड्यांतील बैठका, देवस्थानांचे उत्सव आणि कलावंतिणींची माडी ही त्याची ठिकाणे. मध्यमवर्गीय पांढरपेशा समाजाला यांपैकी बहुतेक ठिकाणी मुक्त प्रवेश नव्हता. स्त्रियांना तर तो जवळजवळ नव्हताच. पुण्यात १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पुणे गायन समाजाने सुशिक्षितांना संगीताकडे वळविण्याचा प्रयत्न केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातच संगीत शाकुंतलचा पहिला प्रयोग झाला आणि नाट्यपदांच्या द्वारे रागांचे संस्कार सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागले. पुढे १९११ मध्ये भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी भारत गायन समाजाची स्थापना केली, तर अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांनी त्याच दशकात आपले आर्य संगीत विद्यालय पुण्यात चालविले. अशा रीतीने, पुण्यात ग्रामोफोन घरोघर येण्यापूर्वीच त्यावरील संगीत समजून घेणारा श्रोतृवर्ग तयार होऊ लागला होता. पुण्यातील ध्वनिमुद्रिका-श्रवणाला प्रारंभापासून चर्चेची जोड मिळाली, त्याचे एक कारण या पूर्वतयारीत आढळते.

ध्वनिमुद्रणाचा आरंभ : टॉमस आल्वा एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला व एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीवर ध्वनी कोरणाऱ्या ग्रामोफोनचे एकस्व मिळविले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आला व त्याने गोहरजान इत्यादींचे गायन मुद्रित केले. या मुद्रणापासून तबकड्या तयार करण्याचे काम जर्मनीतील हॅनोव्हर येथील कारखान्यात होत असे. तेथील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गाणे संपताच गायकाने स्वतःचे नाव उच्चारावे, अशी पद्धत पडली. ती नावे जुन्या तबकड्यांवर आजही ऐकू येतात. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. तबकडीसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच यूरोपात जाई. तोपर्यंत ती तबकडीच्या रूपाने समुद्रमार्गे परत येत असे. स्थानिक कारखान्यामुळे हा फेरा कमी झाला आणि भारतीय भाषांतील तबकड्यांची निर्मिती झपाट्याने वाढली.

या काळातील मुद्रण यांत्रिक पद्धतीचे होते. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड जवळजवळ खुपसून, एकाच उंच आवाजात गावे लागे. तंबोऱ्याचा नाद व तबल्याचा डग्गा फारसा उमटत नसे. त्यामुळे साथीस हार्मोनियम पुढे आली. दहा इंची (सु. २५ सेंमी.) तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते सव्वातीन मिनिटे आणि बारा इंची (सु. ३० सेंमी.) तबकडीच्या एका बाजूस सुमारे साडेचार मिनिटे एवढाच अवधी मिळे. तासभर रंगणारा ख्याल एवढ्या वेळात मांडताना विलंबित आलापीला साहजिकच कात्री लागली. काही कलावंतांनी केवळ द्रुत चीज गायिली. काहींनी मात्र स्थायी, अंतरा, मोजके आलाप व दोनचार ताना यांतून रागाचे संपूर्ण चित्र उभे करण्याची वेगळीच कला साध्य केली. या दुसऱ्या प्रकारच्या तबकड्या पुढील काळात संग्राहकांनी विशेष मोलाच्या मानल्या.

मुद्रित आणि अमुद्रित : महाराष्ट्रात तबकड्यांचा पहिला मोठा खप नाट्यसंगीताचा झाला. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या पदांच्या तबकड्यांनी ग्रामोफोनला मराठी घरांत स्थान मिळवून दिले. ज्यांना नाटकाला जाणे परवडत नसे किंवा रूढीमुळे शक्य नसे, त्यांनाही ही पदे ऐकता येऊ लागली. शुद्ध रागसंगीताच्या क्षेत्रात अब्दुल करीमखाँ यांच्या १९०५ च्या सुमारास मुद्रित झालेल्या तबकड्या, जोहराबाई आग्रेवाली (१८६८–१९१३) यांच्या १९०८ ते १९११ या काळातील तबकड्या आणि ग्वाल्हेर परंपरेतील रहिमतखाँ यांच्या आयुष्याच्या अखेरच्या काळात झालेल्या मोजक्या तबकड्या यांना ऐतिहासिक महत्त्व आहे. रहिमतखाँ यांचा कंठ तेव्हा वार्धक्याने थकलेला होता. तरीही एकोणिसाव्या शतकातील गायकी प्रत्यक्ष ऐकण्याचे साधन म्हणून जाणकार या तबकड्यांकडे पुनःपुन्हा वळत आले आहेत.

याउलट, ज्यांच्या गायनाने महाराष्ट्रातील संगीताला वळण लावले असे काही थोर कलावंत तबकडीपासून दूर राहिले. भास्करबुवा बखले यांचे गायन मुद्रित स्वरूपात उपलब्ध नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) दीर्घायुषी असूनही त्यांच्या ध्वनिमुद्रिका नाहीत. आपली चीज परक्याच्या हाती जाईल ही धास्ती, तीन मिनिटांत राग मांडण्याविषयीची नावड आणि यंत्राविषयीचा अविश्वास, अशी अनेक कारणे त्या पिढीच्या विन्मुखतेमागे दिसतात. परिणामतः, अल्लादियाखाँ यांची गायकी केसरबाई केरकर (१८९२–१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) इ. शिष्यांच्या गायनावरून व प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांच्या लेखनावरूनच अनुमानावी लागते. तबकड्या हा संगीताच्या इतिहासाचा पुरावा असला, तरी तो अपुरा व एकांगी आहे, याची जाणीव या उदाहरणांवरून होते. जे मुद्रित झाले तेच श्रेष्ठ होते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

विद्युत् मुद्रणाचा काळ : १९२५ मध्ये ध्वनिग्राहकाच्या साहाय्याने विद्युत् मुद्रण करण्याची पद्धत प्रचारात आली व लवकरच ती भारतातही वापरली जाऊ लागली. आवाजातील नाजूक छटा, मंद्र सप्तकातील स्वर व तंबोऱ्याचा झंकार आता तबकडीवर येऊ लागला. १९३० नंतरचे दशक हे महाराष्ट्रातील तबकडी-संगीताचे समृद्ध दशक मानता येईल. अब्दुल करीमखाँ यांच्या ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्या याच दशकातील होत. झिंझोटीतील ठुमरी, भैरवी आणि इतर रागांतील त्यांच्या या तबकड्यांनी किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीचा प्रसार जितका केला, तितका क्वचितच एखाद्या मैफलीने केला असेल. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व (१८८६–१९५२), तसेच पुण्यात वास्तव्य असलेल्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९), ग्वाल्हेर परंपरेतील नारायणराव व्यास (१९०२–१९८४) आणि १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) यांच्या तबकड्या सर्वत्र ऐकल्या जात. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या प्रारंभीच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ असे नाव छापलेले असे. हिज मास्टर्स व्हॉइस, कोलंबिया व ओडियन या परदेशी मुद्रांबरोबरच मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारखी देशी मुद्राही या काळात पुढे आली.

कलावंत स्त्रियांच्या दृष्टीने तबकडीचे महत्त्व वेगळे होते. ज्यांच्या बैठकीस जाणे प्रतिष्ठित कुटुंबांत निषिद्ध मानले जाई, त्याच गायिकांचा आवाज त्या कुटुंबांच्या दिवाणखान्यात विनासंकोच ऐकला जाऊ लागला. हिराबाईंसारख्या गायिकांनी सार्वजनिक रंगमंचावर तिकीट लावून गायनाचे कार्यक्रम करण्याची जी प्रथा पाडली, तिला अनुकूल अशी मनोभूमिका तयार होण्यास तबकड्यांचा हातभार लागला असावा.

श्रवणाची रूढी : ग्रामोफोन हे प्रारंभी महागडे यंत्र होते. त्यामुळे एका आळीत किंवा एका वाड्यात ते एखाद्याच घरी असे आणि त्याभोवती शेजारीपाजारी जमत. चावी देणे, प्रत्येक बाजूनंतर पोलादी सुई बदलणे, तबकडी मऊ फडक्याने पुसणे, तीन मिनिटांनी ती उलटविणे, या साऱ्या क्रियांमुळे ऐकणे हा सावधपणे करावयाचा विधीच झाला होता. दर तीन मिनिटांनी येणाऱ्या विरामात ऐकलेल्या भागाविषयी बोलणे होई आणि हवी ती जागा पुन्हा लावता येई. मैफलीत निसटून गेलेली तान परत मागता येत नाही. तबकडीवरील तान मात्र कितीही वेळा तपासता येत होती. या पुनरावृत्तीतून श्रोत्यांना तपशिलाने ऐकण्याची सवय लागली.

घराबाहेर चहाची हॉटेले, सायकलींची व घड्याळांची दुकाने, तसेच गणेशोत्सवाचे मंडप ही तबकड्या कानी पडण्याची ठिकाणे होती. गिऱ्हाइकांना आकर्षिण्यासाठी लावलेल्या तबकड्यांमधून अभिजात संगीत रस्त्यावर आले. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी बालपणी गदग येथे अशाच एका दुकानात अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली. त्या गायनाच्या ओढीने १९३३ मध्ये ते गुरूच्या शोधार्थ घर सोडून बाहेर पडले. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले आणि पुणे ही त्यांची कर्मभूमी ठरली. एका तबकडीच्या श्रवणाने आयुष्याची दिशा ठरल्याचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय.

संग्रह वाढू लागले, तसतशी तबकड्यांची देवघेव सुरू झाली. ज्याच्याकडे जी तबकडी असेल ती घेऊन त्याने ठरलेल्या घरी यावे, प्रत्येकाने आपण अलीकडे काय ऐकले ते सांगावे व ऐकवावे, असा या बैठकींचा साधारण परिपाठ असे. एकाच रागाच्या निरनिराळ्या घराण्यांतील तबकड्या क्रमाने लावणे, एकाच चिजेचे पाठभेद टिपणे, एकाच कलावंताच्या तरुणपणातील व उतारवयातील गायनाची तुलना करणे, या पद्धती त्यातून रूढ झाल्या. अनुभवी श्रोत्याने नाव न सांगता तबकडी लावावी आणि इतरांनी कंठावरून व गायकीवरून गायक ओळखावा, हा अशा बैठकींतील आवडता प्रकार होता. या देवघेवीत आपुलकीबरोबर स्पर्धाही असे. दुर्मिळ तबकडी ऐकवावयाची पण हाताळू द्यावयाची नाही, असा दंडक पाळणारे संग्राहक असत आणि त्याला सबळ कारणही होते : लाखेची तबकडी हातातून पडल्यास फुटते व तिचा सांधा जोडता येत नाही.

शिक्षण व समीक्षा : तबकड्यांवरून गाणे शिकण्याविषयी संगीतक्षेत्रात प्रारंभापासून दोन मते होती. गुरुमुखातून मिळणाऱ्या विद्येत शिष्याच्या चुका दुरुस्त करणारा गुरू समोर असतो. तबकडी मात्र केवळ परिणाम ऐकविते, त्यामागील साधना दाखवीत नाही, असा परंपरेचा आक्षेप होता. तीन मिनिटांचे गायन पाठ करणारा विद्यार्थी रागाचा विस्तार करू शकत नाही, असेही म्हटले जाई व त्यात तथ्य होते. दुसऱ्या बाजूस, कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांनी बालवयात अब्दुल करीमखाँ, सवाई गंधर्व, नारायणराव व्यास इत्यादींच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब म्हणून दाखविल्या आणि १९३६ मध्ये मुंबईतील जिना हॉलमधील परिषदेत श्रोत्यांना थक्क केले. त्यानंतर त्यांनी बा. र. देवधर यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले व अनुकरणाचा त्याग करून स्वतंत्र गायकी घडविली. तबकडी हे शिक्षणाचे उत्तम प्रारंभस्थान होऊ शकते. तेवढ्यावर थांबल्यास मात्र विद्या खुंटते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

घराण्यांच्या भिंती सैल होण्यासही तबकड्या कारणीभूत झाल्या. पूर्वी एका घराण्याचा शिष्य दुसऱ्या घराण्याचे गायन ऐकण्यास बहुधा मोकळा नसे. तबकडीमुळे ही बंदी पाळणे अशक्य झाले. किराणा घराण्याची आलापी, आग्रा घराण्याची बोलबनाव व जयपूर घराण्याची तान ही एकाच विद्यार्थ्याच्या कानावर पडू लागली आणि त्यांतून निवड करण्याची मुभा त्याला मिळाली.

मराठी संगीतसमीक्षेचा पायाही याच काळात घातला गेला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत संगीतदिग्दर्शक म्हणून काम केलेले केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांची चिकित्सा करणारे लेखन केले. विशिष्ट गायकाच्या विशिष्ट गायनाचा तपशीलवार विचार करण्याची ही रीत वाचकांना पटली, कारण त्या गायकाची तबकडी लावून समीक्षकाचे म्हणणे पडताळून पाहणे आता शक्य झाले होते. वामनराव देशपांडे (१९०७–१९९०) यांच्या घरंदाज गायकी (१९६१) या ग्रंथातील घराण्यांच्या तौलनिक विवेचनालाही असा बहुश्रुत वाचकवर्ग लाभला.

आकाशवाणी व दीर्घवादन तबकडी : २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात संगीतमहोत्सवास प्रारंभ झाला. आकाशवाणीमुळे दीर्घ गायन घरबसल्या ऐकता येऊ लागले, पण ते एकदाच. ते साठवून ठेवण्याची सोय श्रोत्याकडे नव्हती. ही उणीव दीर्घवादन तबकडीने काही अंशी भरून काढली. अमेरिकेत १९४८ मध्ये प्रचारात आलेल्या या तबकडीची गती मिनिटास ३३ १/३ फेरे असून तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ संगीत मावते. १९५५ मध्ये अली अकबरखाँ यांच्या सरोदवादनाची दीर्घवादन तबकडी अमेरिकेत निघाली आणि काही वर्षांतच भारतातही अशा तबकड्या उपलब्ध झाल्या. अमीरखाँ (१९१२–१९७४) यांची मारवा व दरबारी या रागांची तबकडी ही त्यांतील विशेष गाजलेली. विलंबित ख्यालाची बढत प्रथमच मुद्रित स्वरूपात सलग ऐकावयास मिळाली. मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत दीर्घकाळ काम केलेले गायक गो. ना. जोशी (१९०९–१९९४) यांनी स्वरगंगेच्या तीरी या आठवणींच्या पुस्तकात कलावंतांना ध्वनिमुद्रणास प्रवृत्त करण्याच्या खटपटींची हकिकत सांगितली आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन भारतात १९७० च्या सुमारास थांबले.

जुन्या तबकडीतील एका गायनाला याच सुमारास अनपेक्षित भाग्य लाभले. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या ‘व्हॉयेजर’ या दोन अंतराळयानांवर पृथ्वीवरील ध्वनींची जी तबकडी ठेवण्यात आली, तिच्यात केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी समाविष्ट आहे. ध्वनिमुद्रणाविषयी फारशा अनुकूल नसलेल्या या गायिकेचे हे गायन मूळचे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरील होय.

ध्वनिफीत व कॅसेट : १९६० नंतर फीतमुद्रकयंत्रे हौशी रसिकांच्या हाती आली आणि श्रवणपरंपरेत मूलभूत फरक पडला. तोवर काय मुद्रित व्हावे, हे कंपनी ठरवीत असे. आता श्रोता स्वतःच मुद्रण करू लागला. घरगुती बैठका, गणेशोत्सवातील गायन, आकाशवाणीवरील कार्यक्रम यांच्या फिती तयार झाल्या व त्यांच्या प्रती मित्रमंडळींत फिरू लागल्या. कंपन्यांनी ज्यांची फारशी दखल घेतली नाही अशा कलावंतांचे गायन आणि कंपन्यांच्या मुद्रणात न आलेले अप्रचलित राग या फितींमुळेच टिकून राहिले. कलावंत बैठकीत मोकळेपणाने गात असल्याने या मुद्रणांचा दर्जा तांत्रिक दृष्ट्या निकृष्ट असला, तरी सांगीतिक दृष्ट्या अनेकदा श्रेष्ठ आढळतो.

या व्यवहाराला नैतिक व कायदेशीर अंगही होते. अनेक फिती कलावंताच्या संमतीवाचून, काही तर त्याच्या नकळत तयार झाल्या होत्या. आपल्या गायनाच्या प्रती परस्पर वाटल्या जातात व त्याचा मोबदला तर नाहीच, पण कल्पनाही दिली जात नाही, अशी कलावंतांची तक्रार होती. रसिकांचे म्हणणे असे की, पैशाचा व्यवहार न करता केवळ प्रेमाने केलेल्या या मुद्रणामुळेच ती कला वाचली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यात (१९५७) १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य करण्यात आला व संमतीवाचून केलेले मुद्रण हे त्या हक्काचे उल्लंघन ठरले. त्यामुळे खासगी संग्रहांतील पुष्कळशा फिती प्रसिद्ध करताना आजही कलावंताच्या वारसांची अनुमती हा प्रश्न उभा राहतो.

१९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या प्रकाशकांना वाव मिळाला. पुण्यातील कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्यूझिक हाऊस या दुकानाने मालिनी राजूरकर, उल्हास कशाळकर इत्यादी कलावंतांच्या कॅसेट स्वतः प्रकाशित केल्या. येथे विक्रीबरोबर चर्चाही चाले आणि कोणते मुद्रण ऐकावे याविषयी जाणकारांचा सल्ला मिळे. पूर्वी वाड्यातील बैठकीत जे घडे, त्याचाच हा दुकानात झालेला विस्तार होता.

संग्राहक व सूचिकार्य : ७८ फेऱ्यांच्या तबकड्या व्यवहारातून गेल्यावर त्या अडगळीत पडल्या, भंगारात गेल्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी विक्रीस आल्या. तेथून त्या वेचून काढणाऱ्या संग्राहकांमुळे त्यांतील काही बचावल्या. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली व तिचे द रेकॉर्ड न्यूज हे नियतकालिक सुरेश चांदवणकर यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक गावांतील संग्राहक या संस्थेमुळे परस्परांशी जोडले गेले. ठरावीक विषयावर तबकड्या ऐकवून विवेचन करण्याची श्रवणसत्रे होऊ लागली. ऑस्ट्रेलियन संशोधक मायकेल किनीअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या भारतातील पहिल्या मुद्रणांची (१८९९–१९०८) सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. तबकडीवरील वेष्टणपट्टीचा रंग, सूचिक्रमांक आणि मध्यभागाजवळ कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक यांवरून मुद्रणाचा काळ निश्चित करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यामुळे अभ्यासकांस परिचित झाली.

तबकडी योग्य रीतीने ऐकणे, हेही संग्राहकांच्या ज्ञानाचे एक अंग आहे. जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या ७८ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेल्या असतातच असे नाही. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविल्यास गायकाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि लयही तेवढ्याच प्रमाणात वाढते. अशा चुकीच्या गतीवर आधारून गायकाच्या आवाजाविषयी व पट्टीविषयी विधाने केली गेल्याची उदाहरणे आहेत. साथीच्या हार्मोनियमची पट्टी व गायकाच्या इतर तबकड्या यांच्याशी ताडून गती ठरवावी लागते. तसेच ७८ फेऱ्यांच्या तबकडीची चर दीर्घवादन तबकडीच्या चरीपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असल्याने तिच्यासाठी वेगळी सुई वापरणे आवश्यक ठरते.

जतनाचा प्रश्न : संग्रहांचे संस्थात्मक जतन पुण्यात तुटकपणेच झाले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांच्या अनुषंगाने तबकड्याही जतन करण्यात आल्या. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय १९८२ मध्ये प्रथम पुण्यात उभारले. परंतु १९८६ मध्ये ते दिल्ली परिसरात हलविण्यात आले. बहुसंख्य तबकड्या व फिती खासगी घरांतच राहिल्या. ओलसर हवेत फितीवरील चुंबकीय लेप सुटतो व तबकडीवर बुरशी धरते. जुनी वाजविणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर कमी झाले. आणि वाडे पाडून त्यांच्या जागी सदनिका झाल्यावर शेकडो तबकड्यांना जागा उरली नाही. संग्राहकाच्या मृत्यूनंतर संग्रह विखुरला जाणे, हा त्यामुळे जवळजवळ नियम झाला.

अंकीय रूपांतर व आंतरजाल यांमुळे एकेकाळी एखाद्याच घरी असलेले मुद्रण आता जगभर ऐकता येते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपर्यंतही ते पोहोचले आहे. ध्वनी टिकविण्याचा प्रश्न यामुळे बराचसा सुकर झाला. मात्र ध्वनीसोबतची माहिती टिकविण्याचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. एखाद्या फितीवरील गायक कोण, बैठक कोणाच्या घरी व कोणत्या वर्षी झाली, तबल्यावर कोण होते, ऐकू येणारी दाद कोणत्या जाणकाराची, ही माहिती बहुधा फितीच्या डबीवर लिहिलेली नसते; ती संग्राहकाच्या स्मरणात असते. प्रतीवरून प्रत निघताना नावे गळतात, रागांची नावे बदलतात आणि एका गायकाचे गायन दुसऱ्याच्या नावावर रूढ होते. म्हणून वयोवृद्ध संग्राहकांसमवेत बसून त्यांचा संग्रह ऐकणे व त्यांनी सांगितलेले तपशील तेथेच नोंदवून घेणे, हे यंत्राद्वारे केलेल्या रूपांतराइतकेच निकडीचे कार्य होय. एकत्र बसून ऐकण्याची व ऐकविण्याची पुण्यातील ही जुनी प्रथा त्या दृष्टीने रंजनापुरती मर्यादित राहत नाही. महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाची साधने पारखण्याचे व पुढील पिढीच्या स्वाधीन करण्याचे ते एक विश्वसनीय माध्यम ठरते.